पाणबुडी अभियंता, भारतीय नौदलातील

पाणबुडीची प्रचालन यंत्रे, तिला बुडविणारी व वर आणणारी यंत्रणा आणि आतील हवा, इंधन व नळव्यवस्था यांची जबाबदारी सांभाळणारा नौदलातील अधिकारी. पृष्ठभागावरील जहाजाची यंत्रे बंद पडली, तरी जहाज तरंगत राहते. पाणबुडीचे तसे नसते. तिचे पुन्हा वर येणेच यंत्रांवर अवलंबून असते. म्हणून पाणबुडीवरील अभियंत्याचे स्थान इतर युद्धनौकांवरील अभियंत्याहून वेगळे मानले जाते.

प्रशिक्षण : या अभियंत्याचे मूलभूत शिक्षण समुद्रापासून दूर, पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात होते. तळेगाव दाभाडेजवळील वराळ्यासारखी गावे ज्या इंद्रायणी नदीच्या काठी वसली आहेत, तिचा उगम लोणावळ्याच्या डोंगरात आहे. त्याच परिसरात, समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर, ‘आय. एन. एस. शिवाजी’ ही नौदलाची सागरी अभियांत्रिकी संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात नौदलाचा विस्तार होत असताना १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ती स्थापन झाली. नौदलाचे अभियंते व आर्टिफिसर म्हणून ओळखले जाणारे कुशल तंत्रज्ञ तेथे अनेक पिढ्या घडले. २००९ मध्ये केरळातील एळिमला येथील नौदल अकादमी सुरू झाल्यावर पदवीचे शिक्षण तिकडे गेले. सागरी अभियांत्रिकीचे विशेष शिक्षण मात्र लोणावळ्यासच राहिले. १३ फेब्रुवारी २०२० रोजी या संस्थेस राष्ट्रपतींचे निशाण प्रदान करण्यात आले.

पाणबुडी शाखेत जाऊ इच्छिणारा अभियंता पुढे विशाखापटनम् येथील ‘आय. एन. एस. सातवाहन’ या प्रशाळेत जातो. बुडालेल्या पाणबुडीतून सुटका करून घेण्याचा सरावही या शिक्षणात असतो. त्यानंतर प्रत्यक्ष पाणबुडीवर उमेदवारी करावी लागते. आपल्या खात्यापुरते ज्ञान तेथे पुरत नाही. प्रत्येक झडप, नळ व कळ कोठे आहे, हे सर्वांनाच ठाऊक असावे लागते. या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच डॉल्फिनचे चिन्ह छातीवर लावता येते.

कार्य : भारताच्या बहुतेक पाणबुड्या डीझेल-विद्युत् प्रकारच्या आहेत. डीझेल एंजिनास हवा लागते. म्हणून ते पाणबुडी पृष्ठभागावर असताना किंवा स्नॉर्केल ही हवानळी पाण्याबाहेर काढूनच चालविता येते. त्यावर जनित्रे चालवून शिशाच्या मोठ्या विद्युत् घटमाला भारित करतात व पाण्याखाली त्यांच्या शक्तीवर विद्युत् चलित्र फिरते. घटमाला भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण सु. ४ टक्क्यांवर गेल्यास स्फोटाचा धोका असतो. त्यामुळे वायुवीजनावर अखंड लक्ष ठेवावे लागते. बुडताना बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात आणि वर येताना संपीडित हवेने ते बाहेर ढकलतात. दर १० मी. खोलीस दाब सु. एक वातावरणाने वाढतो, २०० मी. खोलीवर लहानशा नळाचा सांधा निसटला, तरी आत येणारे पाणी प्राणघातक ठरते. यंत्रांचा आवाज कमी राखणे हेही अभियंत्याचेच काम आहे, कारण पाणबुडीचे संरक्षण तिच्या निःशब्दतेत असते.

अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी १० एप्रिल १९६३ रोजी १२९ माणसांसह बुडाली. यंत्रकक्षातील नळाचा सांधा तुटला असावा आणि संपीडित हवेतील आर्द्रता गोठल्यामुळे टाक्या रिकाम्या करता आल्या नसाव्यात, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. भारतीय शाखेनेही अशी किंमत मोजली आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबई गोदीत ‘सिंधुरक्षक’ वरील स्फोटांत १८ जण मृत्यू पावले. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी ‘सिंधुरत्न’ समुद्रात असताना लागलेल्या आगीत दोन अधिकाऱ्यांचा अंत झाला.

इतिहास : १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत काही भारतीय अधिकारी ब्रिटिश पाणबुड्यांवर शिकले. पाणबुड्या मात्र सोव्हिएट रशियाकडून मिळाल्या. ८ डिसेंबर १९६७ रोजी रीगा येथे ‘कलवरी’ ही भारताची पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली व तो दिवस पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. १९७४ अखेर या वर्गातील आठ पाणबुड्या झाल्या. शिवछत्रपतींच्या जलदुर्गावरून नाव घेतलेली ‘खांदेरी’ त्यांपैकीच एक. सु. ९१ मी. लांबीच्या या पाणबुडीत तीन डीझेल एंजिने व तीन मळसूत्री पंखे असत. त्यांची यंत्रे समजून घेण्यासाठी भारतीय अभियंत्यांना आधी रशियन भाषा शिकावी लागली.

दुसरा टप्पा स्वदेशी बांधणीचा. १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पहिल्या दोन कील येथे तयार होऊन १९८६ मध्ये दाखल झाल्या. ‘शल्की’ (१९९२) व ‘शंकुल’ (१९९४) या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. दाब सहन करणाऱ्या कवचाचे जोडकाम भारतीय कारागीर व अभियंते जर्मनीत शिकून आले होते. परंतु त्यानंतर नवे काम मिळाले नाही. जोडारी व अभियंते पांगले, निवृत्त झाले आणि कष्टाने मिळविलेली विद्या ओसरली. २००५ मध्ये फ्रान्सशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा गोदीस बराचसा भाग नव्याने शिकावा लागला. ‘सिंधुकीर्ती’ची विशाखापटनम् येथील दुरुस्तीही २००६ ते २०१५ अशी लांबली. यंत्रे विकत घेता येतात, नकाशेही मिळतात. पण हाताची विद्या काम थांबताच नष्ट होऊ लागते, हा या कालखंडाचा धडा होय.

नवी ‘कलवरी’ १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली व सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी. दरम्यान, ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने इंधन घटांवर आधारलेली यंत्रणा विकसित केली व मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरील चाचणी यशस्वी झाली. अशी यंत्रणा बसविल्यास बाहेरील हवेवाचून पाणबुडीस अधिक काळ पाण्याखाली राहता येते. लोणावळ्यास शिकणाऱ्या अभियंत्यापुढील कार्य त्यामुळे दुहेरी झाले आहे : जुनी यंत्रे चालती ठेवणे आणि नव्यांची विद्या खंड न पडू देता पुढील पिढीच्या हाती देणे.