बालपरवेशी

युद्धाचा इतिहास लिहिणारे रणभूमीवर जितके रमतात तितके शिपायाच्या माजघरात रमत नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना फारसा बोल लावताही येत नाही. कारण माजघरातील हकीकत सरकारी दफ्तरात शिरते ती बहुधा एकाच वाटेने, खर्चाच्या बाबीतून. मराठेशाहीच्या रुमालांत अशी एक बाब पुनःपुन्हा भेटते, तिचे नाव बालपरवेशी. बाल हा शब्द संस्कृत, परवेशी हे फारसी परवरिशीचे मराठमोळे रूप. अमुक इसम स्वारीत कामास आला, सबब त्याच्या मुलांच्या पोषणार्थ नक्त नेमणूक अथवा जमीन करार करून दिली, असा तिचा सामान्य मजकूर. मेला हा शब्द कारकून शक्यतो लिहीत नसे. कामास आला, एवढे मात्र लिही.

चाल जुनी होती. सभासदाने जिंजीस बसून बखर लिहिली, तीत 1659 सालच्या प्रतापगडाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी केलेली व्यवस्था सांगितली आहे: पडलेल्यांच्या पुत्रांचे चालवावे, ज्यांस पुत्र नसेल त्यांच्या बायकांस निमे वेतन द्यावे, आणि जखमींस जखमेचा मगदूर पाहून दोनशे, शंभर, पन्नास वा पंचवीस होन बक्षीस द्यावे. यात औदार्य होते तसा हिशेबही होता. ज्या शिलेदाराने घरचा घोडा घेऊन चाकरी धरली, त्याच्यामागे नुसती विधवा राहत नसे, घोड्यापायी घेतलेले सावकाराचे देणेही राहत असे. आपल्यामागे चूल विझणार नाही ही खातरी नसेल, तर दसऱ्याला स्वारीस निघणाऱ्याचा पाय उंबऱ्यातच अडखळेल, हे राज्यकर्ते पुरते ओळखून होते.

या व्यवस्थेची खरी कसोटी पानिपताने पाहिली. शके 1682, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, म्हणजे 14 जानेवारी 1761, या एका दिवसात महाराष्ट्रातील घरेच्या घरे ओस पडली. त्यातून सदाशिवराव भाऊसाहेबांच्या मराठी फौजेबरोबर बुणगे होते, यात्रेकरू होते आणि सरदारांचे कुटुंबकबिलेही होते, त्यामुळे पुष्कळ घरांचा रणांगण आणि माजघर हा भेदच त्या दिवशी पुसला गेला. याच फौजेतील सरदार बळवंतराव मेहेंदळे डिसेंबरातच गोळी लागून पडले होते व त्यांची पत्नी तेथेच सती गेली होती. मागे राहिलेला त्यांचा अल्पवयी मुलगा पुढे पुण्यात नामांकित सरदार झाला. आज पाठ्यपुस्तकांसाठी ज्या एबीसीत मुलांची झुंबड उडते तो अप्पा बळवंत चौक त्याच्याच नावाचा आहे. मात्र त्या नावातला बळवंत कोण व तो कोठे पडला, हे त्या गर्दीत क्वचितच कोणाला आठवत असेल.

नानासाहेब पेशवे मदतीस निघून नर्मदेपलीकडे पोचले होते, तेथे त्यांना या घाताची वार्ता लागली ती सावकारी पत्रातून. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या परिभाषेत दोन अनमोल जीव, काही मोठे सरदार आणि अगणित सामान्य माणसे यांचा जमाखर्च त्या पत्रात मांडलेला होता. मला त्या पत्रातील शेवटची बाब अधिक बोचते. मोत्यांची संख्या निश्चित, मोहरांची निश्चित. खुर्द्याची मात्र गणती नाही. आणि बालपरवेशी मिळायची तर आधी गणती व्हावी लागते! कामास आला असे लिहायला कोणीतरी त्याला पडताना पाहिलेले असावे लागते. जो पडलाही नाही आणि परतलाही नाही, त्याच्या घरासाठी कारकुनाजवळ असा नेटका शब्द नव्हता. कपाळीचे कुंकू ठेवावे की पुसावे, श्राद्ध घालावे की नवस बोलावा, अशा दुग्ध्यात किती घरे वर्षानुवर्षे खितपत पडली असतील! तेव्हा अठरा वर्षांचे असलेले नाना फडणीस जीव वाचवून परतले, त्यांची पत्नीही सुखरूप आली. परंतु बरोबर गेलेल्या त्यांच्या मातोश्री त्या धुमश्चक्रीत अंतरल्या त्या अंतरल्याच, आणि ते शल्य त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे.

या अनिश्चितीचे विपरीत फळ तोतयांच्या रूपाने आले. सुखलाल नावाचा कनोजा ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. 1776 साली कोकणात किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हवाली होऊ लागला, आणि अखेर त्याच वर्षी त्याला देहान्त शासन झाले. इतिहासकार त्याला भामटा म्हणून निकालात काढतात. तो भामटा होताच. परंतु भाऊ परत येतील असे मानायला हजारो माणसे तयार होती, म्हणून त्याचे साधले. ज्यांचा स्वतःचा माणूस पंधरा वर्षे बेपत्ता होता, त्यांना भाऊंचे परतणे अशक्य कसे वाटावे?

खुद्द भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून वाचल्या, सुरजमल जाटाच्या मुलखात आसरा घेऊन दक्षिणेत आल्या, आणि पती गेले हे त्यांनी कधीही मान्य केले नाही. अखेरपर्यंत त्या सौभाग्यचिन्हे धारण करून राहिल्या. 1783 साली त्या वारल्या, तेव्हा त्यांच्या उत्तरक्रियेबरोबरच, बावीस वर्षे खोळंबलेली सदाशिवराव भाऊंची उत्तरक्रियाही करण्यात आली.