‘समान’ आणि ‘समकक्ष’ : स्त्रीशिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय करारांतील एका शब्दाचा इतिहास

पॅरिस येथे १४ डिसेंबर १९६० रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने शिक्षणातील भेदभावाविरुद्धचा करार संमत केला. वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म इत्यादी कारणांवरून कोणासही शिक्षणापासून वंचित ठेवणे अथवा हलक्या प्रतीच्या शिक्षणात अडकवून ठेवणे म्हणजे भेदभाव होय, अशी व्याख्या त्याच्या पहिल्या कलमात आढळते. यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल वाटते ते दुसऱ्या कलमाचे. कोणत्या गोष्टींना भेदभाव म्हणावयाचे नाही हे सांगणाऱ्या या कलमात पहिलाच अपवाद मुले व मुली यांच्यासाठी चालविलेल्या स्वतंत्र शिक्षणसंस्थांचा आहे. अट एवढीच की, शिक्षणाची संधी दोघांनाही सारखीच मिळावी, शिक्षकांची पात्रता, इमारती व साहित्य एकाच दर्जाचे असावे, आणि अभ्यासक्रम ‘तेच अथवा समकक्ष’ असावेत.

या ‘समकक्ष’ शब्दाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मुलींना शिकवावे की नाही हा वाद जगात बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तत्त्वतः तरी निकालात निघाला होता. मात्र त्यांना काय शिकवावे हा वाद निकालात निघालेला नव्हता. पुण्यातील वाचकांना त्याचे स्मरण देण्याची गरज नाही. १८८४ साली निघालेल्या मुलींच्या हायस्कुलाच्या अभ्यासक्रमावर लोकमान्य टिळकांनी घेतलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत.

युनेस्कोच्या करारातील अपवादाचे खरे स्वरूप दुसऱ्या एका गोष्टीशी ताडून पाहिले म्हणजे ध्यानात येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी असा निर्णय दिला होता की, वंशावरून वेगळ्या केलेल्या सार्वजनिक शाळा इमारतींनी व साहित्याने कितीही तुल्य असल्या तरी स्वभावतःच विषम होत. या निर्णयाला सहा वर्षे होऊन गेल्यावर युनेस्कोचा करार झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात लिंग, धर्म वा भाषा यांच्या निमित्ताने वेगळ्या असणाऱ्या संस्थांना आणि खाजगी संस्थांना जागा आहे, वंशाच्या निमित्ताने वेगळ्या शाळांना मात्र नाही. म्हणजे वंशाच्या बाबतीत वेगळेपणा हाच अन्याय ठरला, तर स्त्रियांच्या बाबतीत तो केवळ व्यवस्थेचा एक प्रकार मानला गेला. हा भेद निव्वळ पूर्वग्रहातून आला असे समजणे उतावीळपणाचे होईल. वांशिक वेगळेपणा वरचढ समाजाने खालच्या समाजावर लादलेला होता. उलट मुलींच्या स्वतंत्र शाळा व महाविद्यालये पुष्कळदा स्त्रीशिक्षणाच्या कैवाऱ्यांनी, कित्येक ठिकाणी खुद्द स्त्रियांनी, कष्टाने उभारलेली होती.

याचा पुरावा संयुक्त राष्ट्रसंघाच्या जन्मकथेतच सापडतो. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ज्या सनदेवर सह्या झाल्या तिच्या प्रास्ताविकात स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख आहे. तिच्यावर सही करणाऱ्या स्त्रिया चार : ब्राझीलच्या बर्था लुट्झ, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्दिनो, अमेरिकेच्या व्हर्जिनिया गिल्डरस्लीव्ह आणि चीनच्या वू यि-फांग. यांपैकी शेवटच्या दोघी स्त्रियांच्या महाविद्यालयांच्या प्रमुख होत्या. गिल्डरस्लीव्ह १९११ पासून न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री होत्या. वू यि-फांग १९२८ पासून नानकिंगच्या जिनलिंग महाविद्यालयाच्या अध्यक्षा होत्या आणि त्याच महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधर तुकडीतील विद्यार्थिनी होत्या. त्या काळी स्त्रीला सार्वजनिक अधिकाराची जागा मिळे ती बहुधा अशाच स्वतंत्र संस्थेत. या घरातून निघालेल्या स्त्रियांचे मत मात्र एकसारखे नव्हते. स्त्रियांच्या दर्जासाठी वेगळा आयोग हवा असा आग्रह लुट्झबाईंनी धरला. गिल्डरस्लीव्ह यांचा त्याला विरोध होता. स्त्रियांचा वेगळा उल्लेख करीत राहणे त्यांना अनावश्यक, किंबहुना जुनाट वाटत होते. स्त्रियांच्या वेगळ्या महाविद्यालयात आयुष्य वेचलेल्या विदुषीने वेगळ्या आयोगाला विरोध करावा ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

आयोग झाला. १९४६ च्या आरंभी मानवी हक्क आयोगाचा उपायोग म्हणून त्याची सुरुवात झाली आणि २१ जून १९४६ रोजी त्याला स्वतंत्र आयोगाचा दर्जा मिळाला. पुढील वर्षी फेब्रुवारीत लेक सक्सेस येथे त्याचे पहिले अधिवेशन भरले. भारताच्या प्रतिनिधी बेगम शरीफा हमीद अली या अब्बास तय्यबजींच्या कन्या. ज्या अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांनी काम केले तिची पहिली बैठक जानेवारी १९२७ मध्ये पुण्यास, फर्ग्युसन महाविद्यालयात भरली होती आणि तिचा विषय शिक्षणसुधारणा एवढाच होता. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई तिच्या अध्यक्षा होत्या. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर बोललेल्या भारतीय स्त्रियांच्या पिढीची जडणघडण या परिषदेत झाली हे लक्षात घेतले पाहिजे.

त्याच परिषदेच्या एक माजी अध्यक्षा श्रीमती हंसा मेहता या काळात मानवी हक्क आयोगावर होत्या. जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमाचा आरंभ ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ होऊ शकेल अशा इंग्रजी शब्दांनी होत होता. त्या शब्दात स्त्रियांचा अंतर्भाव होतोच, हे आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट यांचे म्हणणे. काही देशांत त्याचा अर्थ अक्षरशः घेतला जाईल, हे हंसाबेनचे उत्तर. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ विरुद्ध शून्य मतांनी, आठ राष्ट्रे तटस्थ असता, संमत झालेल्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व मानव’ हा अर्थ निःसंदिग्ध झाला. (फ्रेंच शीर्षकात मात्र ‘पुरुष’ असाही अर्थ असलेला जुना शब्द तसाच राहिला. आपल्याकडे ‘बाईमाणूस’ व ‘गडीमाणूस’ असे दोन्ही शब्द चालत असल्याने मराठी भाषिकाला या वादाची धार एकदम जाणवत नाही.)

‘मानव’ या शब्दाचा हा आग्रह शिक्षणाच्या क्षेत्रात पूर्वीच एकदा उच्चारला गेला होता, आणि त्याचा धागा थेट हिंगण्यापर्यंत येतो. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये तोक्यो येथे स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. स्त्रीला प्रथम मानव म्हणून, नंतर स्त्री म्हणून आणि त्यानंतर राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे असा त्यांनी क्रम लावला होता. नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून आलेले होते. या विद्यापीठाविषयीची पुस्तिका १९१५ साली महर्षी कर्वे यांच्या हाती पडली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये विद्यापीठ निघालेही. मातृभाषेचे माध्यम, इंग्रजी हा आवश्यक विषय आणि स्त्रियांच्या आयुष्यक्रमाला जुळतील असे गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांसारखे विषय, असा त्याचा साचा होता. १९२९ मध्ये अण्णासाहेबांनी युरोपातील शिक्षणपरिषदांत जाऊन हाच प्रयोग जगापुढे मांडला, आणि पुढे त्याच प्रवासात ते जपानलाही गेले.

आता, हे शिक्षण पुरुषांच्या शिक्षणाशी समकक्ष होते काय? अण्णासाहेबांचे उत्तर निःसंशय होकारार्थी होते. परंतु समकक्षता ठरविण्याचा अधिकार संस्थापकाकडे नसतो. तो पदवी पाहणाऱ्याकडे असतो. या विद्यापीठाच्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे सुंदर संस्कृत नाव होते, पण सरकारदरबारी तिला बी. ए. ची किंमत नव्हती. कायद्याने मान्यता मिळण्यास १९४९ चा अधिनियम व्हावा लागला आणि तो १९५१ मध्ये अमलात आला. जपानची गोष्टही अशीच आहे. नारुसे यांच्या संस्थेच्या नावात आरंभापासून ‘विद्यापीठ’ असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती दीर्घकाळ केवळ विशेष शिक्षणाची शाळाच होती. विद्यापीठाचा दर्जा तिला मिळाला तो १९४८ साली. एवंच, ज्या काळात विद्यापीठांचे दरवाजे सर्वच मुलींना प्रत्यक्षात गाठता येत नव्हते त्या काळात या दोन्ही संस्थांनी हजारोंना शिक्षण दिले, आणि त्याच वेळी त्यांच्या विद्यार्थिनींना अनेक दशके समकक्षतेची वाट पाहावी लागली. माझ्या मते या दोहोंपैकी एकच बाजू सांगणारा इतिहास अपुरा होय.

या प्रश्नावर श्रीमती मेहता यांचे मत विशेष मोलाचे आहे, कारण दोन्ही घरांचा त्यांना अनुभव होता. त्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, आणि १९४९ ते १९५८ या काळात सहशिक्षण असलेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्याही कुलगुरू होत्या. बडोद्यास गृहविज्ञानाची विद्याशाखा त्यांच्याच कारकीर्दीत निघाली. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असावा काय, याचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अभिरुची व कुवत यांचा लिंगाशी नियत संबंध नाही, सबब लिंगावरून अभ्यासक्रम वेगळे करण्याचे कारण नाही, असा १९६४ च्या तिच्या अहवालाचा निष्कर्ष होता. गृहविज्ञान हवे, पण ते मुलींच्याच माथी मारलेले नको, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ही भूमिका स्वीकारली आणि मुलींना गणित व विज्ञान घेण्यास उत्तेजन द्यावे असेही सुचविले.

येथून पुढे आंतरराष्ट्रीय कागदपत्रांतूनही ‘समकक्ष’ शब्द मागे पडू लागला. ७ नोव्हेंबर १९६७ च्या स्त्रीविषयक भेदभाव-निर्मूलनाच्या जाहीरनाम्याचे नववे कलम अभ्यासक्रमांची ‘तीच’ निवड व ‘त्याच’ परीक्षा मागते. संस्था सहशिक्षणाची असो वा नसो. १८ डिसेंबर १९७९ चा करार आणखी पुढे गेला. त्याचे दहावे कलम तेच अभ्यासक्रम मागून थांबत नाही. स्त्रीपुरुषांच्या भूमिकांविषयीच्या साचेबंद कल्पना शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवरून दूर कराव्यात, त्यासाठी सहशिक्षणास उत्तेजन द्यावे, पाठ्यपुस्तके तपासून सुधारावीत, असे ते सांगते. १९६० मध्ये जो वेगळेपणा निरुपद्रवी अपवाद होता, त्याच्याकडे एकोणीस वर्षांनी संशयाने पाहिले जाऊ लागले. हे स्थित्यंतर घडविण्यात १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष व मेक्सिको येथील परिषद यांचा वाटा होताच. परंतु हंसाबेनच्या समितीसारख्या देशोदेशींच्या समित्यांनी त्याची भूमी आधीच तयार केली होती, याची नोंद आपल्या अभ्यासकांनीही फारशी घेतलेली नाही.

अमेरिकेत हाच शब्द न्यायालयापुढे आला तो १९९६ साली. व्हर्जिनिया राज्याने आपल्या लष्करी महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश न देता त्यांच्यासाठी दुसऱ्या संस्थेत समांतर अभ्यासक्रम उघडला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो तुल्य मानला नाही. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांनी लिहिले.

भारताने १९७९ च्या करारावर ३० जुलै १९८० रोजी सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला अनुसमर्थन दिले. ते देताना काही निवेदने जोडली. रूढी व प्रथांमधील साचेबंद भूमिका बदलण्यासंबंधीचे पाचवे कलम आणि विवाहविषयक सोळावे कलम यांचे पालन आपण कोणत्याही जमातीच्या खाजगी बाबींत तिच्या पुढाकारावाचून व संमतीवाचून हस्तक्षेप न करण्याच्या धोरणाशी सुसंगत राहून करू, असे त्यांत म्हटले. दहाव्या कलमाला मात्र कोणतीही अट घातली नाही. साचेबंद भूमिकांचे जे निर्मूलन शाळेच्या पुस्तकात विनाअट मान्य झाले, तेच घराच्या उंबरठ्याशी सशर्त ठरले.