इंदापूरचा माळ आणि झाडांचा हट्ट

उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले, भीमेकाठचे जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि गाव वर सरकले. कडक उन्हाळ्यात पाणी हटले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते. लगेच वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि बघ्यांची रीघ लागते. बुडालेल्या गावाला इतिहास असतो हे कुणाला सांगावे लागत नाही. देवळाकडे पाठ करून दक्षिणेला कळस-कडबनवाडीकडे पाहिले की दिसतो तो उघडा, मुरमाड, पिवळा पडलेला माळ, आणि तिथे मात्र इतिहास कुणी शोधत नाही. इथे पूर्वी रान होते, माणसांनी तोडले, मेंढरांनी खाल्ले, आता झाडे लावली की ते परत येईल, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. ही चूक अज्ञानातून आलेली नाही, ती सरकारी हिशेबाच्या पद्धतीतून आलेली आहे, आणि त्या हिशेबाची सुरुवातही याच इंदापूर तालुक्यात झाली.

हा समज कुठे खरा ठरतो तेही पाहायला हवे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात पाइनची जुनी जंगले आता मूळ पसाऱ्याच्या एखाद टक्का उरली आहेत. लांडगे संपले, शिकारीच्या हौसेपायी तांबड्या हरणांचे कळप वाढू दिले गेले आणि पाइनचे रोप गुडघ्याएवढे होण्याआधीच खुडले जाऊ लागले. 1951 साली बेन आय हे राखीव क्षेत्र या पाइनवनासाठीच घोषित झाले. पुढे ठिकठिकाणी कुंपणे घातली गेली, हरणांची संख्या घटवली गेली आणि रोपे वर आली. तिथला निदान-उपचार बरोबर होता, कारण झाड खरोखरच तिथले होते. इंदापुरात मात्र हे सूत्र जसेच्या तसे लावून चालत नाही. पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम. चरणारे जनावर म्हणजे चिंकारा, आणि त्याच्या मागावर लांडगा अजून जिवंत आहे. जनावरांना बाहेर ठेवले तर इथे काय उगवते, याचे उत्तर जुन्या काळाने देऊन ठेवले आहे. मराठ्यांच्या राजवटीत घोड्यांच्या चाऱ्यासाठी कुरणे राखली जात. राखलेल्या कुरणात गवत वाढत असे, ते कापून त्याच्या गंजी रचत. यावर कुणी म्हणेल की कापणी आणि वणवे यांनीच झाडाला वर येऊ दिले नाही. काही अंशी ते खरे आहे, पण तेवढ्याने माळाचे वय कमी होत नाही.

कारण पुरावा कुरणांच्याही फार मागे जातो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातल्या त्या वसाहतीत काळविटाची हाडे मिळाली, आणि काळवीट दाट रानात राहत नाही. खानदेशात पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी सापडले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे कुऱ्हाड आणि मेंढरू दोन्ही यायच्या कितीतरी आधीचे. शहामृगही मोकळ्या रानाचाच पक्षी. अलीकडे आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुने मराठी वाङ्मय आणि ओव्या चाळून त्यांतल्या 44 रानवनस्पतींची यादी केली. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश उघड्या माळरानाच्या निघाल्या. ज्याला यादी नको त्याने पंढरपुरात संत कान्होपात्रेची कथा ऐकावी. तिच्या देहाच्या जागी उगवले ते तरटीचे झाड, आणि तरटी हे काटेरी माळरानातलेच झाड आहे. कथा खरी की खोटी हा मुद्दा नाही. शेकडो वर्षांपूर्वी सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते झाड होते, एवढेच तिच्यातून घ्यायचे.

मग या माळाला कमीपणा कुठून आला? पेशवाई बुडाल्यावर दहा-बारा वर्षांत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. रिकार्डोच्या अर्थशास्त्रावर बेतलेला सारा ठरला. तो इतका जड आणि मोजणी इतकी सदोष की लोक जमिनी टाकून गेले. इंदापूर तालुक्यात हे सर्वांत उघडपणे दिसले. म्हणून 1835 साली गोल्डस्मिडने आणि त्याच्या जोडीला विंगेटने इथे नव्याने काम सुरू केले. मातीची खोली आणि पोत पाहून प्रत ठरवायची, शेताला क्रमांक द्यायचा, सारा कमी करून तीस वर्षांसाठी बांधून टाकायचा. मुंबई इलाख्यात पुढे पसरलेली ही पद्धत 1836 साली इंदापुरात सुरू झाली, आणि सातबारावरच्या आजच्या गट-सर्व्हे नंबरांची वंशावळ तिच्यापर्यंत पोचते. रयतेला तिने दिलासा दिला, यात शंका नाही. पण तिच्या यशाचे माप एकच होते, नांगराखाली किती एकर आले. नांगर न लागलेली जमीन म्हणजे अजून साध्य न झालेले काम. त्या जमिनीवर कुणाची मेंढरे चरतात, किती गवत कापले जाते, याला त्या हिशेबात स्थान नव्हते. मुदत संपल्यावर 1867 च्या फेरआकारणीत सारा चढला. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची खाती जाळली गेली, तेव्हा त्यामागे वाढलेला सारा किती आणि सावकारी किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. पातळ मातीचा माळही याच तीस वर्षांत नांगराखाली गेला होता, ही गोष्ट मात्र त्या भांडणात मागे पडते.

महसूल खात्याने जे अपुरे ठरवले, ते वन खात्याने बिघडलेले ठरवले. 1936 साली चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने भारतातल्या वनांचे प्रकार मांडले. त्या मांडणीत दख्खनचा कोरडा पट्टा काटेरी वनाच्या खात्यात गेला आणि गवत म्हणजे त्या वनाची उतरती अवस्था ठरली. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीचे हात मोकळे होते, काम हवे होते आणि माळ समोरच होता. समतल चर खणले गेले, खड्डे घेतले गेले, गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. दुष्काळात लोकांना मजुरी मिळाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण चर खणताना जमिनीचे काय होते ते जवळून पाहावे. पवन्या, मारवेल यांचे वर्षानुवर्षांचे ठोंब उपटून कडेला पडतात, वीतभर माती मुरमाखाली गाडली जाते, आणि भरावावर पहिल्या पावसात येते ती कुसळी किंवा तण. गिरिपुष्पाला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. हरीण त्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणजे चाऱ्याची जागा चारा म्हणून न चालणाऱ्या पाल्याने घेतली. 1985 साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ आले, 2019 साली राज्याने 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. रोपे मोजता येतात, गवताचे ठोंब मोजायला कुणी जात नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी 1997 साली झाले. ते जेमतेम 5 चौरस किलोमीटरचे आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप मेंढरांबद्दलचा आहे. माळ अतिचराईने खराब झाला आहे, हे डोळ्यांना दिसते, आणि ते मला मान्य आहे. प्रश्न आहे तो चराई अति कशामुळे झाली हा. 1885 मध्ये निरेचा डावा कालवा सुरू झाला, पुढे उजनी झाली, ऊस माळाच्या कडेपर्यंत पोचला. उरलेल्या वनजमिनीला चर आणि कुंपणे आली. मेंढरे तीच, माळ चतकोर. धनगरांची जुनी रीत माळाला उसंत देणारी होती. पावसाळ्यात कळप माळावर आणि दिवाळीच्या सुमारास वाडे बाहेर पडत. वाटेत रात्री वाघूर लावून मेंढरे शेतात बसवत. शेतकऱ्याला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य किंवा पैसे. गवताचे बी पडून जमिनीत शिरेपर्यंत कळप दूर असे. ही फिरती अडली, म्हणजे चराई एकाच जागी साचली. तेव्हा मेंढरू हाकलून झाड लावणे हा उपाय रोगाच्या एका लक्षणावर आहे, आणि दुसरे लक्षण वाढवणारा आहे.

झाडच नको, असे मात्र मी म्हणत नाही. ओघळीत हिवर, खैर, बोर, पळस होतेच, आणि तिथे ते असावेत. झाडे कर्ब साठवतात हा युक्तिवादही पोकळ नाही. पण गवत आपला कर्ब बहुतांश मुळांत आणि मातीत ठेवते. चर खणून तो मोकळा करायचा आणि मग रोपांनी भरून काढायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे. करायचे ते काम दिसायला किरकोळ आहे. उंदीरमारी मुळासकट काढणे, कारण नुसती तोडली तर ती फुटते. इथल्याच पवन्या-मारवेलचे बी गोळा करून पेरणे, आणि माळाचे तुकडे पाळीने बंद ठेवणे. कडबनवाडीच्या माळावर आता लोक लांडगा आणि चिंकारा पाहायला जातात, हेही उपयोगी आहे. भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी येणारी गाडी आता माळाकडेही वळू लागली आहे. पाळी कुणी ठरवायची, हा मात्र अवघड प्रश्न आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण महाराष्ट्रात धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. वर्षातला बराच काळ वाटेवर असलेल्या माणसाने तो कागद आणायचा कुठून, आणि 1836 पासूनच्या दप्तरात त्याच्या कळपाची नोंद तरी कोणत्या रकान्यात शोधायची?