विवाहाचा शेवट आणि विवाहाचा हक्क : अमेरिकन यादवी युद्धावरील ख्रिस्ती प्रणयकादंबरीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी आणि इतिहास यांच्यातील नात्याची चर्चा मराठी अभ्यासकांना परिचित आहे. मात्र ही चर्चा बहुधा ‘कादंबरीकाराने इतिहासाशी किती इमान राखले’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते. एखाद्या वाङ्मयप्रकाराची ठरलेली घडणच इतिहासातील काही माणसांना आत येऊ देते आणि काहींना दाराबाहेर ठेवते, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. प्रस्तुत निबंधात युद्धकाळावर आधारित ख्रिस्ती प्रणयकादंबरी या प्रकाराचा याच दृष्टीने विचार केला आहे. त्यासाठी लिन ऑस्टिन यांची ‘कँडल इन द डार्कनेस’ (२००२) ही कादंबरी आणि तिची पार्श्वभूमी असलेले व्हर्जिनियातील रिचमंड शहर निवडले आहे.

अमेरिकेत हा प्रकार प्रकाशनव्यवसाय म्हणून स्थिरावला तो जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) या कादंबरीनंतर. तिचे प्रकाशन करणाऱ्या बेथनी हाऊस या संस्थेनेच ऑस्टिन यांची यादवी युद्धावरील त्रिखंडात्मक मालिका प्रसिद्ध केली आणि मालिकेतील पहिल्या दोन कादंबऱ्यांना ख्रिस्ती कथासाहित्यासाठी दिला जाणारा क्रिस्टी पुरस्कार लाभला. या प्रकाराची घडण साधी आहे. नायिकेच्या श्रद्धेची कसोटी लागते, युद्ध ती कसोटी तीव्र करते, आणि ईश्वराशी व प्रियकराशी असलेले नाते एकाच वेळी जुळून येते. विवाह हा तिचा स्वाभाविक विराम होय. विद्यापीठीय समीक्षा अशा पुस्तकांकडे सहसा वळत नाही. परंतु सामान्य वाचकाच्या मनातील इतिहास ज्या पुस्तकांतून घडतो, त्यांच्याकडे इतिहासाच्या अध्यापकाने पाठ फिरवणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

रिचमंड : कादंबरीतील आणि कागदपत्रांतील

कादंबरीची नायिका कॅरोलाइन फ्लेचर ही रिचमंडमधील एका सधन, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातील मुलगी आहे. तिला वाढवणाऱ्या टेसी या दासीचा मुलगा ग्रेडी याची आरंभीच विक्री होते. फिलाडेल्फियातील वास्तव्यात गुलामगिरीविरोधी विचारांशी तिचा परिचय होतो. पुढे ती ज्याच्यावर प्रेम करते तो चार्ल्स दक्षिणेच्या बाजूने शस्त्र हाती घेतो, आणि ती स्वतः उत्तरेसाठी हेरगिरी करू लागते. एकाच व्यक्तीवर प्रेम करायचे आणि ती ज्यासाठी लढते त्याचा पराभव इच्छायचा, हा पेच ऑस्टिन यांनी प्रामाणिकपणे हाताळला आहे. कॅरोलाइनची श्रद्धा पाद्र्याच्या प्रवचनातून नव्हे, तर ईलाय या गुलामाच्या सहवासातून घडते. ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे.

या व्यक्तिरेखेशी मिळतीजुळती एक स्त्री रिचमंडमध्ये खरोखर होऊन गेली. एलिझाबेथ व्हॅन ल्यू (१८१८–१९००) यांचे शिक्षण फिलाडेल्फियात झाले होते. लिबी तुरुंगातील उत्तरेच्या युद्धकैद्यांना त्यांनी मदत केली आणि शहरात राहूनच जनरल ग्रँट यांच्या सैन्यापर्यंत माहिती पोहोचवणारे जाळे चालवले. १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रँट यांनी त्यांना रिचमंडच्या पोस्टमास्तरपदी नेमले. परंतु शहरातील गोऱ्या समाजाने त्यांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही. त्या अविवाहित राहिल्या. सदसद्विवेकाचे मोल प्रत्यक्षात कसे चुकवावे लागले, हे या चरित्रावरून कळते. प्रणयकादंबरीच्या साच्यात असे एकाकी म्हातारपण बसत नाही.

कादंबरीत धर्माचा प्रश्न मुख्यतः व्यक्तीच्या अंतःकरणाचा प्रश्न म्हणून येतो. इतिहासात तो संस्थांचाही प्रश्न होता. गुलाम बाळगणाऱ्या बिशपच्या प्रश्नावरून मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये दुभंगले. गुलाम बाळगणारा मनुष्य मिशनरी होऊ शकतो काय, या वादातून १८४५ मध्ये दक्षिणेतील बॅप्टिस्ट वेगळे झाले. राष्ट्र फुटण्यापूर्वी सोळा-सतरा वर्षे चर्च फुटले होते. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात आणि एकाच ईश्वराची प्रार्थना करतात, असे लिंकन यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात म्हटले, त्यामागे हा अनुभव होता. रिचमंडमध्ये तर युद्धाचे महत्त्वाचे प्रसंग चर्चच्या आवारातच घडलेले आढळतात. २ एप्रिल १८६३ च्या भाकरीच्या दंग्यापूर्वी उपाशी स्त्रियांची सभा एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये भरली होती. बरोबर दोन वर्षांनी, २ एप्रिल १८६५ रोजी, दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस सेंट पॉल चर्चमध्ये उपासनेस बसले असताना शहर सोडावे लागेल असा जनरल ली यांचा निरोप त्यांना मिळाला.

त्याच शहरात १८४१ पासून फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च होते. सभासद कृष्णवर्णीय, पण पाळक रॉबर्ट रायलंड हे गोरे आणि स्वतः गुलामांचे मालक. कारण नॅट टर्नरच्या १८३१ च्या उठावानंतर व्हर्जिनियाच्या कायद्याने कृष्णवर्णीयांना धर्मोपदेश करण्यास मनाई केली होती. या चर्चच्या गायकवृंदात हेन्री ब्राऊन नावाचा गुलाम गात असे. १८४८ मध्ये त्याची पत्नी नॅन्सी आणि मुले विकली गेली. खरेदी करणारा मेथडिस्ट धर्मोपदेशक होता, असे ब्राऊनच्या आत्मकथनात नमूद आहे. पुढील वर्षी ब्राऊन लाकडी पेटीत स्वतःला बंद करून घेऊन मालवाहतुकीने फिलाडेल्फियाला पोहोचला आणि स्वतंत्र झाला. ते कुटुंब मात्र त्याला परत लाभले नाही. ख्रिस्ती श्रद्धा, दांपत्यप्रेम, वियोग, साहस : प्रणयकादंबरीची सारी सामग्री येथे आहे. नाही ती एकच गोष्ट, कायद्याने मान्य केलेला विवाह. गुलाम स्त्री-पुरुषांनी पाद्र्यासमोर शपथ घेतली तरी कायद्याच्या लेखी ते पती-पत्नी नव्हते आणि त्यांची मुले मालकाची मालमत्ता होती.

येथे वाङ्मयप्रकाराची मर्यादा उघड होते. १८६० मध्ये रिचमंडची लोकसंख्या सुमारे ३८ हजार होती आणि त्यांपैकी ११ हजारांहून अधिक लोक गुलाम होते. ज्या कथेचा शेवट विवाहात व्हावयाचा, तिची नायिका ही या हजारो स्त्रियांपैकी कोणी सहजी होऊ शकत नव्हती. ऑस्टिन यांना हे जाणवले असावे. मालिकेतील तिसऱ्या कादंबरीत, ‘अ लाइट टू माय पाथ’मध्ये, त्यांनी विकल्या गेलेल्या ग्रेडीलाच नायक केले आणि किटी या दासीशी त्याचे प्रेम मध्यभागी आणले. प्रस्तुत लेखकाच्या मते, इतिहासाच्या दृष्टीने ही तिसरी कादंबरी पहिलीपेक्षा अधिक धाडसी आहे.

विवाहाचा हक्क आणि ख्रिस्ती कादंबरी यांचा संबंध मराठी वाचकाला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये विधवांचे दुःख हाच विषय आहे आणि विधवा यमुनेचा पुनर्विवाह ही त्या कथेची परिणती आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला, हे तर सर्वश्रुत आहे. तरीही आपल्या पदवी वर्गात यादवी युद्ध दोन तासिकांत, सेनापती आणि लढायांच्या सनावळीत आटोपते; त्या युद्धाने एखाद्या जोडप्याच्या घरात काय बदलले हे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

ते पाहण्यासाठी एक साधन उपलब्ध आहे. २७ फेब्रुवारी १८६६ रोजी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा करून, पूर्वी गुलाम असलेल्या आणि एकत्र नांदणाऱ्या स्त्री-पुरुषांस विवाहित म्हणून मान्यता दिली व त्यांची अपत्ये औरस ठरवली. त्यानुसार फ्रीडमन्स ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी परगण्यापरगण्यांतून नोंदवह्या तयार केल्या. पतीचे नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय, शेवटच्या मालकाचे नाव. पुढे पत्नीविषयी हेच रकाने. मग मुलांची नावे व वये. शेवटच्या रकान्यात दोघे एकत्र राहू लागले ती तारीख लिहिलेली असे, आणि ती कित्येक ठिकाणी युद्धाच्या फार पूर्वीची आहे.