अमेरिकन सैनिकांच्या सेवामुक्तीपत्रातील दुरुस्ती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापर्यंत सैनिकाच्या सेवानोंदीतील चूक सुधारण्यासाठी काँग्रेसमध्ये खासगी विधेयक मांडण्याची प्रथा होती. १९४६ च्या विधिमंडळ पुनर्रचना कायद्याने अशा विधेयकांस मनाई करून हे काम लष्करी खात्यांतील मुलकी मंडळांकडे सोपविले. १९५० पासून ‘डीडी २१४’ हे सेवामुक्तीपत्र रूढ झाले. त्यात तैनाती वा पदक नमूद नसल्यास ‘डीडी २१५’ हे दुरुस्तीपत्र दिले जाते. मात्र पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते.

१२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील सेवानोंद केंद्रास लागलेल्या आगीत १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख संचिका नष्ट झाल्या. १९१२ ते १९५९ या काळात सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यांत होत्या; त्यांच्या दुय्यम प्रती वा सूक्ष्मपट नव्हते. नोंदी जळाल्या शासनाच्या ताब्यात, सिद्धतेचे ओझे मात्र वृद्ध सैनिकावर, हा न्याय विचित्रच म्हणावा लागेल. पुढे वेतनपत्रके व तुकड्यांचे दैनिक अहवाल यांचा आधार घेण्यात आला. १९८८ मध्ये लष्करी रुग्णालय-प्रवेशाच्या जुन्या संगणकीय नोंदी उपलब्ध झाल्या. ‘पर्पल हार्ट’साठी जखमेचा पुरावा म्हणून त्या मोलाच्या ठरल्या, परंतु त्यांत सैनिकांची नावे नव्हती, केवळ सेवाक्रमांक होते.