सात वार, सात घरे

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातल्या एखाद्या खेड्यातून शिकण्यासाठी पुण्याला आलेल्या गरीब मुलापुढे शाळेच्या आधी जेवणाचा प्रश्न उभा राही. त्यावर पेठांमधल्या घरांनी काढलेली तोड म्हणजे वार. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी ओळखीपाळखीने सात घरे जमवायची आणि वर्ष काढायचे. घरचे मूल जे खाई तेच या मुलाच्या पानात पडे. बदल्यात कुठे देवपूजा, कुठे विहिरीचे पाणी भरणे, कुठे धाकट्यांना पाढे शिकवणे.

सातही वार जमलेच असे नाही. एखादा रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास. यजमानाच्या घरी सोयर-सुतक आले की तो वारही बुडाला. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. अंगावर सोवळे, खांद्याला झोळी आणि दारात ‘भवति भिक्षां देहि’. एका घरचा भात, दुसरीकडची पोळी, तिसरीकडची आमटी. सगळे बिऱ्हाडी आणून खायचे. गावात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले (आजचे पुणे विद्यार्थी गृह), त्याच्या सुरुवातीच्या काळालाही माधुकरीचाच आधार होता.

या प्रथेचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. तिच्यावर शिकून मोठी झालेली माणसे आत्मचरित्रांतून त्या माउल्यांची आठवण काढतात, आणि ते योग्यच आहे. पण ही पंगत जातीची होती. ब्राह्मण घराचा वार ब्राह्मण मुलालाच. कुणब्याच्या किंवा महाराच्या हुशार पोराने पुण्यात कोणाच्या स्वयंपाकघरात पान मांडून घ्यायचे? त्याची भूक या हिशेबात कुठेच नव्हती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी म्हणून निघालेले वसतिगृह प्रत्यक्षात ब्राह्मण मुलांचेच होऊन बसले. तेव्हा महाराजांनी दुसरी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, १९०६ मध्ये मोहामेडन बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहे हा उपाय आज खटकतो. पण एकत्र पंगत बसायला तयार नसलेल्या समाजात आधी मुलांच्या पोटात अन्न जाणे गरजेचे होते.

एकत्र पंगत बसवली भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले आणि तिथे सगळ्या जातींची मुले एका ओळीत जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. नाव मोठे झाले, पण कोठीत धान्य असेलच याची खात्री नव्हती. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव हिंडत, तेव्हा मुलांचे जेवणखाण सांभाळत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या जैन घरात वाढलेल्या या बाईने बोर्डिंगची मुले पोटच्या पोरांसारखी जेवू घातली. अंगावरचे दागिने एकेक करून गेले आणि एका नडीच्या वेळी, मुले उपाशी राहू नयेत म्हणून, मंगळसूत्रही गेले. लक्ष्मीबाई १९३० मध्ये वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहायला मिळाला नाही.

मुलांना मात्र फुकट काही नव्हते. शेतावर राबायचे, दळण आणायचे, स्वयंपाकात हात लावायचे. त्यामुळे मिंधेपणाही नव्हता, आणि दुसऱ्याच्या ओसरीवर अंग चोरून बसणाऱ्या वाराच्या मुलापेक्षा हा मुलगा इथेच वेगळा ठरतो. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली, तीही ‘कमवा आणि शिका’ याच धोरणावर.

वाराची चाल पुढे आपोआप मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले, मोजून मिळालेल्या धान्यात जास्तीचे पान वाढणे अवघड झाले. वाडे मोडले, घरे लहान झाली, मुले खानावळीत जेवू लागली. वाराच्या दिवशी चुलीपुढे बसून एक पोळी जास्त लाटणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. लक्ष्मीबाईंचे नाव सोलापूरच्या महिला महाविद्यालयाला आहे.