वेण्णा तलाव : पाण्याच्या सोयीपासून सहलीपर्यंत

महाबळेश्वरला पाचगणीकडून येणाऱ्या रस्त्यालगतचा वेण्णा तलाव निसर्गनिर्मित सरोवरासारखा दिसत असला, तरी सुमारे २८ एकरांचा हा जलाशय वेण्णा नदीच्या उगमाकडील झरे बांध घालून अडवल्यामुळे निर्माण झाला असून, साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये तो बांधवून घेतला. थंड हवेच्या या ठिकाणाचा इतिहास लॉडविक, माल्कम हे इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी नावांचे पॉइंट यांच्याभोवतीच सांगितला जातो, त्यात सातारच्या गादीचा वाटा झाकोळून जातो, आणि ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून, वाई भागातील खंडाळा हे गाव मोबदल्यात देऊन, डोंगरमाथ्यावरील ही जागा कंपनी सरकारकडे घेतली आणि तेथे उभ्या राहिलेल्या वसाहतीला माल्कमपेठ हे नाव पडले. पुढे १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले व त्यांचे बंधू आप्पासाहेब गादीवर बसले. १८४८ मध्ये त्यांचे निधन होताच गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तकविधान नामंजूर करून संस्थान खालसा केले, म्हणजेच ते कंपनीच्या मुलखात विलीन केले. तलाव या अवघ्या नऊ वर्षांच्या कारकिर्दीतला आहे. वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या माथ्यावर पाणी ठरत नाही, ते उतारावरून दऱ्यांत निघून जाते आणि उन्हाळ्यात, नेमक्या वर्दळीच्या दिवसांत, टंचाई जाणवते. पाणी अडवण्याची गरज त्यातून आली. पाण्याबरोबर येथे शेतीही होत असे : मलायाकडील वसाहतींतून आणलेले चिनी कैदी त्या काळी भाज्या व बटाटे पिकवत. वेण्णेच्या खोऱ्यातील मळ्यांची परंपरा पुढे स्ट्रॉबेरीपर्यंत पोहोचली, आणि २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले.

इंग्रजांच्या करमणुकीचे केंद्र कड्यावरचे पॉइंट होते; बॉम्बे पॉइंटवरचा सूर्यास्त पाहण्यास गाड्या निघत. मराठी घरांत मात्र बाहेर जेवण्याची प्रथा आधीपासून होती आणि तिचे स्वरूप धार्मिक होते : कार्तिकात आवळीच्या झाडाची पूजा करून त्याच्या सावलीत पंगत मांडण्याचे आवळीभोजन, तसेच रानात वा नदीकाठी चूल मांडून सगळ्यांनी मिळून जेवण्याचे वनभोजन. आजच्या सहलीचे मूळ केवळ साहेबी पिकनिकमध्ये शोधणे म्हणून अपुरे ठरते. तलावाकाठी दशमी-चटणीचे डबे सोडून बसलेल्या कुटुंबाचे आप्त या पंगतींत आहेत. नगरपालिकेचा नौकाविहार, घोड्यांची रपेट, भाजलेली मक्याची कणसे यांनी काठ गजबजला, तो पर्यटन सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा घसरला की नौकांच्या धक्क्यावरील फळ्यांवर, गवतावर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर दव गोठून पांढरे हिमकण जमतात, आणि ते पाहायला लोक मुद्दाम अंधारात काठावर येतात.

करमणुकीचे हे ठिकाण आजही महाबळेश्वर व पाचगणीला पिण्याचे पाणी पुरवते, ही त्याची पहिली ओळख होय. तलावातून पुढे गेलेली वेण्णा लिंगमळ्याचा धबधबा उतरून मेढ्याच्या खोऱ्यातून वाहते, संगम माहुलीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी कऱ्हाडवरून सांगलीच्या घाटांशी येते. सांगलीहून सहलीला येणारी मंडळी स्वतःच्या नदीच्या माहेरी येतात, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. सांगली जिल्ह्यातील काही तालुकेही १९४९ पर्यंत साताऱ्याचाच भाग होते, मग दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले.

त्याच जुन्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण आणि आटपाडी तालुक्यांच्या सीमेवर, म्हसवडचा म्हणजेच राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव आहे, जो ब्रिटिश आमदनीत अवर्षणाच्या मुलखाला पाणी देण्यासाठी बांधला गेला. त्याच्या काठी नौकाविहार वा हॉटेले वाढली नाहीत, परंतु आटपाडीकडील शेतीचा तो आधार आहे. साताऱ्यालगतच्या कास तलावाची गोष्ट वेण्णेच्या जवळची आहे : सातारा शहराला पाणी देणारा हा तलाव, २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या कास पठाराच्या फुलांमुळे सहलीचे ठिकाण झाला, आणि शहराची वाढती तहान भागवण्यासाठी अलीकडेच त्याच्या धरणाची उंची वाढवण्यात आली.